शून्य पायरीवरची माणसं

खुर्च्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून मार्लिस ड्रेगर निवृत्त झाली, तेव्हा मालकांनी तिला समारंभाने एक खुर्ची भेट दिली. मार्लिसने टाळ्या संपू दिल्या, खुर्ची उलटी केली, खालचा नंबर वाचला आणि सगळ्यांदेखत विचारलं की हा माल त्र्याऐंशी सालीच बंद झालाय, याचं कार्ड मी माझ्या हाताने पेटीतून काढलंय, मग ही खुर्ची कोठारात अजून होतीच कशी? मालक हसले. मार्लिस हसली नाही. पुढची दोन वर्षं ती अधूनमधून फोन करून तोच प्रश्न विचारत होती म्हणतात, आणि आमच्या शेबॉयगन गावात तिला ओळखणाऱ्या कोणालाही हे खोटं वाटत नाही.

ती कोठाराची कारकून होती. पाय, पाठी, दांडे, बैठका, जे काही कारखान्यात होतं त्या प्रत्येकाचं एक कार्ड. एक वस्तू, एक कार्ड. आकडा शून्य झाला आणि माल बंद झाला की कार्ड बाहेर. यात तिला कुणाचं काही ऐकून घ्यायचं नसे. लग्न तिने केलं नाही. विचारणारे दोघे होते, पण दोघेही वेळ पाळत नसत.

अशी ही बाई राक्षस, जादूगार आणि तळघरातल्या भुयारांच्या नादी लागली कशी, तर जेवणाच्या सुट्टीमुळे. १९८१ ची गोष्ट. साडेअकराला भोंगा व्हायचा आणि अर्ध्या तासात सगळी खोली शीप्सहेडच्या डावाचे पत्ते आपटायला बसायची. कोपऱ्यात मात्र तिघेजण चौकटींच्या कागदावर गुहा काढत बसलेले असत. आराखडे काढणारे हार्लन बेंट्झ आणि नॉर्बर्ट गिझे, आणि पॉलिशखात्यातला एकजण. बाकीचे त्यांची टर उडवायचे. खेळ साधा होता. एकजण सूत्रधार. पुढे काय आहे ते तो सांगणार, दार, नदी, दात विचकणारं काहीतरी. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्राने काय केलं ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. पात्र जगलं तर पायरी चढतं, पहिली, दुसरी, तिसरी.

मार्लिस शेजारच्या टेबलावर कांदा घातलेलं लिव्हर सॉसेजचं सँडविच खात चार दिवस ऐकत होती. पाचव्या दिवशी हार्लनने धनुष्य उचललं आणि तिला राहवलं नाही.

"तुझे बाण काल संपले," ती म्हणाली. "मंगळवारी नऊ होते. सात मारलेस, दोन नदीत गेले. मी इथेच जेवत होते. आता तलवार काढ, नाहीतर पळ."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने तिघांसाठी तीन कार्डं करून आणली, बाण, दोर, मशाली, जखमा, सगळं रकान्यांत. वर्षभरात ती सूत्रधार झाली. आवाज काही फार नाट्यमय नव्हता तिचा. ती राक्षसाचं वर्णनही मालाची आवक सांगावी तसं करायची, "डोकी तीन, पैकी एक निकामी." पण तिच्या टेबलावर कुठलीही गोष्ट कधी हरवली नाही, आणि खेळणाऱ्याला त्याचं किती सुख असतं ते खेळणाऱ्यालाच ठाऊक.

कारखान्याच्या सुट्टीतला खेळ मग शनिवारी दुपारी मार्लिसच्या जेवणाच्या टेबलावर आला. रविवार शक्यच नव्हता. रविवारी पॅकर्सचा फुटबॉलचा सामना असतो आणि त्याच्या आड तीन डोक्यांचा राक्षसही येत नाही. खेळायचं ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात मासे लागत असताना घरात बसणाऱ्याला आमच्याकडे आजारी समजतात. चौऱ्याऐंशी साली तिने घरगुती कॉम्प्युटर घेतला आणि दोन हिवाळे खपून एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'कार्डपेटी'. पात्राची सगळी माहिती त्यात ठेवता यायची, पायऱ्यांची बेरीज करून समोर किती जोराचा शत्रू आणावा तेही तो सांगायचा. हार्लनने एक फ्लॉपी मॅनिटोवॉकच्या मेव्हण्याला दिली, मेव्हण्याने डुलुथला पाठवली, आणि बघता बघता तीनशे बारा टेबलं तिच्या पेटीवर खेळू लागली. एक टेबल म्हणजे पाच-सात माणसं. दर जानेवारीत ती सगळी टेबलं आपली फाइल साफसफाईसाठी मार्लिसकडे पाठवत. टपालपेटी पाकिटांनी भरून जायची. कोणी फ्लॉपीबरोबर अक्रोडाची वडी पाठवी, कोणी नवीन बाळाचा फोटो. ती एकेक फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. यातल्या दहा माणसांनाही ती कधी भेटली नव्हती, पण डुब्यूकच्या टेबलावरचा चोर कुणाशी अबोला धरून आहे ते तिला माहीत असे. ते जानेवारी महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. ती तसं उघड म्हणायची.

शहाऐंशीच्या वसंतात नॉर्बर्टला डॉक्टरांनी सांगितलं, लाकडाच्या भुशाने फुप्फुसं गेली आहेत, ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत जा. शेवटच्या शनिवारी तो खोकत खोकत आपल्या बुटक्या लोहाराचं कार्ड घेऊन बसला. टेबल सोडणाऱ्याचं पात्र थाटामाटाने मारून टाकायचं अशी तेव्हाची पद्धत. हार्लनने तर चांगला मोठा ड्रॅगन ठरवून ठेवला होता. नॉर्बर्ट कार्ड हातातून खाली ठेवेना. मार्लिसने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि समोर आडोशाला उभं केलेलं पुठ्ठ्याचं फोल्डर मिटलं.

"कोणी मरत नाहीये," ती म्हणाली. "लोहाराचे पाय दुखताहेत. तो सरायीत थांबतोय. तुम्ही पुढे व्हा."

आणि कार्डावर तिने लिहिलं: *भट्टीजवळ बसलाय. बूट वाळवतोय.*

पुढच्या शनिवारी खेळ सुरू करण्याआधी तिने ती ओळ वाचून दाखवली. त्याच्या पुढच्या शनिवारीही. नॉर्बर्ट ॲरिझोनातल्या टूसॉनहून पोस्टकार्ड पाठवायचा, 'बूट वाळले का?' मार्लिस उलट टपाली कळवायची, 'अजून ओले आहेत.' एक्क्याण्णव साली तो गेला. बूट ओलेच राहिले.

प्रोग्राममध्ये तिने सरायीसाठी एक वेगळी कळ दिली. ती दाबली की पात्राच्या नावापुढे पायरीच्या जागी 'सराय' असा शब्द दिसे आणि खाली एक ओळ लिहायला जागा. टेबलांनी ही रीत अशी उचलली की विचारू नका. कोणी लग्न होऊन लांब गेलं, कोणी सैन्यात गेलं, कोणी भांडून गेलं, कोणी कायमचंच गेलं. सगळी सरायीत. आणि दर शनिवारी खेळाआधी सूत्रधार सरायीवरून जायचा, एकेक ओळ वाचत. चहा गाळतेय. खिडकीतून रस्ता बघतोय. उधारीवरून मालकाशी भांडतोय, जिंकेल असं दिसत नाही.

२०१० साली खेळ छापणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. इथून पुढे खेळाची सगळी साधनं एकाच मध्यवर्ती डेटाबेसमध्ये ऑनलाइन राहणार. ठिकठिकाणच्या सुट्या फाइली बंद. कार्डपेटीवरची टेबलंही त्यांना आणायची होती, आणि त्यासाठी मार्लिसची मदत हवी होती. हार्लनला वाटलं ही आता कंपनीला फाडून खाणार. मार्लिस मात्र हरखून गेली. डुलुथचा माणूस डुब्यूकला पाहुणा गेला तर तिथल्या टेबलावर आपलं पात्र उघडणार. फ्लॉपी खराब झाली म्हणून कोणी रडणार नाही. सगळ्या जगाची एकच पेटी, एक वस्तू एक कार्ड. जन्मभर हिने दुसरं काय मागितलं होतं?

कंपनीकडून रेनाटा नावाची प्रोग्रामर हे काम बघत होती. मुलगी हुशार, नम्र आणि घाईत. तिने एक्केचाळीस प्रश्नांची यादी पाठवली आणि मार्लिसने एका बैठकीत एक्केचाळीस उत्तरं लिहिली. सत्ताविसावा प्रश्न असा होता: पायरी शून्य असलेल्या नोंदींचं काय करायचं? मार्लिसने लिहिलं: रिकामी कार्डं आहेत. काढून टाका.

एप्रिलअखेर टेबलं उन्हाळ्यासाठी उठली आणि मे महिन्यात सगळ्या फाइली डेटाबेसमध्ये गेल्या. कराराप्रमाणे कंपनीने मूळ फाइली साठ दिवसांनी पुसल्या. मार्लिसने सगळ्या टेबलांना शेवटचं पत्रक धाडलं की जुन्या प्रती ठेवू नका. एका मालाची दोन कार्डं झाली की भांडणं होतात. लोकांनी ऐकलं, कारण मार्लिस सांगत होती. तिने स्वतःही कॉम्प्युटर पुसला आणि जुलैत फ्लॉप्यांचे चार खोके पालिकेच्या भंगारगाडीला देऊन आली. घरात एवढी जागा झाली की तिने भिंतीशी एक शेल्फ ठोकलं आणि त्यावर काय ठेवावं ते तिला सुचेना.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार. हार्लन ब्राट सॉसेज घेऊन आला, चार नवे खेळाडू बसले, मार्लिसने लॅपटॉप उघडला. सगळी पात्रं आपापल्या जागी होती, सुबक रंगीत चौकटींत. ती पान खाली खाली सरकवत गेली. पान संपलं. तिने पुन्हा वरून सुरू केलं. पान पुन्हा तिथेच संपलं. सराय कुठेच नव्हती.

तिने सरायीच्या ओळी न अडखळता म्हटल्या. अकरा ओळी, सगळ्या पाठ. हार्लन पावाला मोहरी लावत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही. पण म्हणताना तिला आठवत गेलं. तेवीस वर्षांपूर्वीचा जानेवारी, कॉम्प्युटरवरचा हिरवा पडदा, आणि पायऱ्यांच्या बेरजेत सरायीतली माणसं येऊ नयेत म्हणून काय करावं याचा विचार करत बसलेली ती. पडद्यावर 'सराय' दिसायचं. आत, पेटीच्या पोटात, पायरीच्या जागी तिनेच शून्य लिहून ठेवलं होतं.

तीनशे बारा टेबलांची सराय तिने एका ओळीत रिकामी केली होती. अडीच हजार माणसं होती तिथे.

खेळ संपल्यावर चौघं गेली तेव्हा तिने हार्लनला सांगितलं. तो बराच वेळ फासे पिशवीत भरत राहिला. मग म्हणाला की यात तिचा काय दोष, त्या पोरीने विचारायला नको होतं का?

"विचारलं तिने. सत्ताविसावा प्रश्न."

"अगं पण कोणाला कळणार आहे? कंपन्या असल्या चुका करतच असतात. लोक दोन महिने शिव्या देतील आणि विसरतील."

"उत्तर माझं आहे, हार्लन."

"मार्लिस, पंचवीस वर्षं लोक तुझ्या नावाने शपथा खातात. आता म्हातारपणी..."

"म्हणूनच त्यांनी प्रती पुसल्या," ती म्हणाली, आणि हार्लनने तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. तीस वर्षांच्या ओळखीत त्याला ही गोष्ट शक्य कोटीतली वाटली नव्हती. तो उठून भांडी घासायला गेला, कारण दुसरं काय करावं ते त्याला समजेना.

तिने तीनशे बारा पत्रं लिहिली. ई-मेल नव्हे, पत्रं. त्यात कंपनीचं नाव नव्हतं. चूक माझी आहे, कशी झाली ते खाली लिहिलंय, तुमच्या सरायीत कोण कोण बसलं होतं ते आठवेल तेवढं मला कळवा, मी एकेक परत बसवीन. रेनाटालाही तिने सगळं सांगितलं. रेनाटा आधी घाबरली, मग दोन आठवड्यांत तिने डेटाबेसमध्ये सरायीसाठी स्वतंत्र रकाना काढून दिला. कोणाची परवानगी घेतली होती का, हे मार्लिसने तिला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने असला प्रश्न गिळला.

आणि मग नोव्हेंबरमध्येच जानेवारी आला. टपालपेटी भरली. ज्यांनी मार्लिसचं न ऐकता प्रत ठेवली होती अशी वीसेक टेबलं निघाली. त्यांनी लाजत लाजत कबूल केलं आणि तिने त्यांना मनापासून धन्यवाद दिले. बाकीच्यांनी आठवून लिहिलं. वर्षानुवर्षं दर शनिवारी ऐकलेल्या ओळी त्या, बहुतेकांच्या तोंडात बसल्या होत्या. मार्केट नावाच्या गावातल्या एका बाईने बावीस नावं बारीक अक्षरात कागदाच्या मागेपुढे लिहून पाठवली आणि खाली लिहिलं की लिहिताना फार बरं वाटलं. सगळ्यांनाच बरं वाटलं असं नाही. डुब्यूकहून दोन ओळींचं पत्र आलं: 'आमच्याकडे अठराजण बसले होते. आम्हाला चौदा आठवतात. उरलेल्या चौघांना काय सांगू?' मार्लिसला त्यांतले तिघे आठवत होते. तिने ते कळवले. चौथ्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि डुब्यूकहून पुन्हा पत्र आलं नाही. तिने ते दोन ओळींचं पत्र रिकाम्या शेल्फवर ठेवलं.

फेब्रुवारीपर्यंत एक टेबल सोडून सगळ्यांकडून काही ना काही आलं होतं. उरलं होतं आयर्नवुडचं. तिथून पत्र येणारच नव्हतं.

आयर्नवुडचा सूत्रधार आर्वो नीस्कानेन, शाळेची बस चालवणारा. अठ्ठ्याऐंशीपासून त्याची फाइल यायची, सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, बर्फ किती पडला आणि बस कुठे अडकली. सुरुवातीला सातजण होते. मग एकेक सरायीत गेला. शेवटच्या तीन वर्षांत आर्वो एकटाच शनिवारी टेबलाशी बसायचा, सहा ओळी वाचायचा, आपल्या पात्राला, एका वैद्याला, घेऊन चार पावलं पुढे जायचा, फासे टाकायचा. 'यंदा खेळ फारसा पुढे गेला नाही,' त्याने शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. 'मंडळी सरायीतून उठायला तयार नाहीत.' २०१० च्या मार्चमध्ये तो गेला. त्याची फाइल मार्लिसने आपल्या हाताने डेटाबेसात घातली होती. आता ते पान उघडलं की चौदाव्या पायरीवरचा एक वैद्य दिसे, आणि त्याच्याभोवती कोणी नाही.

त्या सहांना मार्लिसशिवाय वाचणारं जगात कोणी उरलं नव्हतं. ती तीन दिवस कागद घेऊन बसली. पाच आठवले. तिरंदाज वेइको, मासे साफ करतोय. दोघे भाऊ, एकाच बाकावर, एकमेकांशी बोलत नाहीत. घोरणारा पुजारी. चूल फुंकणारी आयली. सहावा आठवेना. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तो सरायीत आला, हे तिला आठवत होतं. त्या वर्षीची आर्वोची चिठ्ठी नेहमीपेक्षा लांब, दोन पानी होती, हेसुद्धा आठवत होतं. नाव नाही. तो काय करत बसला होता तेही नाही.

तिने शोधून शोधून आर्वोच्या पुतणीचा पत्ता मिळवला. ती ग्रीन बेला राहायची. तिने सौजन्याने उत्तर दिलं की घर रिकामं करताना कागद सगळे टाकून दिले. काका शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जातात अशीच घरात समजूत होती. खाली तिने विचारलं होतं, त्यांना मित्र होते का? मार्लिसने त्या पुतणीला चार पानं उत्तर लिहिलं.

मग तिने आयर्नवुडचं पान उघडलं आणि पाचजणांना बसवलं. सहाव्यासाठी नवी ओळ घेतली. डेटाबेस नावाशिवाय पुढे जाऊ देईना. तिने रेनाटाला फोन लावला.

"नावाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, मिस ड्रेगर," रेनाटा म्हणाली. "तुम्ही काहीही घाला ना. एखादं नाव. तसंही ते पान आता कोण उघडणार आहे?"

"भलतंच नाव घातलं तर तिथे दुसराच कोणीतरी बसेल."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"थांबा जरा," रेनाटा म्हणाली. थोड्या वेळाने कळा वाजल्या. "आता करून बघा. एवढ्या एकाच ओळीला चालेल."

चाललं. नाव रिकामं राहिलं आणि पुढे फक्त 'सराय' उमटलं. एकतीस वर्षं कार्डं सांभाळलेल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा बिननावाचं कार्ड पेटीत ठेवलं.

एक काम उरलं होतं. आर्वोला सरायीत बसवायला त्याच्या टेबलावर कोणी शिल्लक नव्हतं. मार्लिसने वैद्याची चौदावी पायरी खोडली आणि त्याला नव्या रकान्यात घातलं. ओळ काय लिहावी यावर ती फार वेळ थांबली नाही.

*टेबलाच्या टोकाशी बसलाय. सहाव्याला नावाने हाक मारतोय.*